गॅलरीतली गांधील, उंबरातली केंबरं आणि इतर नकोशी मंडळी

कढीपत्ता
११ जुलै, रात्री १०:२०

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गॅलरीत, एसीच्या बाहेरच्या डब्याखाली, गांधीलमाशीने घर केलं. पुणे, तिसरा मजला. घर म्हणजे रुपयाएवढं, राखाडी, एका बारीक देठावर उलटं लटकलेलं. नवरा म्हणाला पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन कर. सासूबाई म्हणाल्या, "त्याला कशाला पैसे द्यायचे, काठीला फडकं गुंडाळ, रॉकेल लाव, पेटव." आता रॉकेल आणायचं कुठून, हा प्रश्न उरला आणि त्या नादात पंधरा दिवस गेले. माझी दया वगैरे काही नाही, निव्वळ आळस.

त्याच गॅलरीत माझा कढीपत्ता आहे (आयडी तिथूनच घेतलाय). त्यावर दरवर्षी मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या येतात. आधी चिमणीच्या शिटेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात. त्यांच्यासाठी मी आमटीला विकतचा कढीपत्ता आणते, इतकं प्रेम. एका सकाळी चहा घेऊन उभी होते तर गांधील आली, पानापानावरून चालत गेली आणि एका अळीला धरलं. अळीने डोक्यामागची केशरी शिंगं बाहेर काढली, तो लिंबासारखा उग्र वास मलासुद्धा आला. गांधीलला फरक पडला नाही. डंख मारला नाही बरं का, नुसत्या जबड्यांनी काम. आतडं काढून बाजूला टाकलं, उरलेल्याचं चावून चावून ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी गोळी केली आणि गेली उडून. आठ-दहा मिनिटं. माझा चहा गार.

त्या दिवशी मी खरोखर रॉकेल शोधायला निघाले होते. पण गोळी नेली कुठे ते बघू म्हणून स्टुलावर चढले, आणि तिथेच फसले. घरात बसलेल्या दोघींनी ती गोळी तोडून वाटून घेतली आणि प्रत्येक भोकात डोकं घालून पिल्लांना भरवत सुटल्या. तेव्हापासून रोज बघतेय. घर आता लिंबाच्या फोडीएवढं झालंय. आणि शेजारच्या गॅलरीतल्या टोमॅटो-वांग्यांवर यंदा अळी नाही, हे शेजारीण आपणहून म्हणाली. योगायोग असेल. पण मला आता त्या गांधिली नकोशा वाटत नाहीत, एवढं खरं.

तुमच्याकडे असा कोणी आहे का, ज्याला आधी चप्पल दाखवलीत आणि नंतर मत बदललं?

---

सूक्ष्मदर्शी
११ जुलै, रात्री ११:०५

मस्त लिहिलंय. वर्णनावरून रोपॅलिडिया मार्जिनाटा वाटतेय. तसं असेल तर तुमच्या गॅलरीत मोठी असामी राहायला आली आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशकं याच माशीच्या घरट्यांपुढे बसून काढली. गंमत अशी की हिची राणी अगदी गरीब असते, मारामारी करत नाही, दरारा नाही. नुसती बघून ओळखू येत नाही. पण तिला उचलून बाजूला ठेवलं की काही मिनिटांत कामकऱ्यांतली एक एकदम दांडगाई करायला लागते. तीच पुढची राणी. कोण होणार हे आपल्याला आधी सांगता येत नाही, त्यांच्यात मात्र वाद होत नाहीत.

अजून एक बघा. भरवून झाल्यावर मोठी माशी पिल्लाच्या तोंडाशी थांबते. तिथे पिल्लू तिला लाळेचा थेंब देतं. मोठ्यांची कंबर इतकी बारीक की घन अन्न पोटात जातच नाही. त्या फुलांचा रस पितात आणि पिल्लांची लाळ. शिकार सगळी पिल्लांसाठी.

---

त्रिशंकू
१२ जुलै, सकाळी ८:१२

वाचून डोळे पाणावले. आता झुरळ, डास आणि ढेकूण यांच्यासाठीही रेशनकार्ड काढूया. दिवे घ्या, म्हणजे गमतीत घ्या.

---

बांधावरचा
१२ जुलै, दुपारी १:४०

कढीपत्ता ताई, योगायोग नाही. भाजीपाल्यावरची अळी हेच गांधीलचं भक्ष्य.

आमच्याकडची गोष्ट सांगतो. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. पान उलटं केलं की मागची बाजू कापूस पिंजून चिकटवल्यागत पांढरी. वरून चिकटा गळतोय, खालच्या पानावर काजळी चढलीय. उसात शिरलं की अंगभर चिकट पांढरं. आणि आठ महिन्यांचा ऊस म्हणजे डोक्याच्या वर, त्यात पंप घेऊन कोण शिरणार आणि कुठवर मारणार? आधी लोकांनी पाला तोडून जाळला, मग औषधं मारली. मावा जायचा, पंधरा दिवसांनी परत हजर.

मग त्या पांढऱ्या लोकरीत जाळं करून बसलेली एक मळकट अळी दिसायला लागली. आमच्या वडिलांनी पहिल्या दिवशी दोन-तीनशे तरी अंगठ्यानं चिरडल्या असतील. उसात अळी दिसली की खोडकीडच डोक्यात येणार, माणूस दुसरं काय करणार? नंतर कृषी खात्याची माणसं आली, म्हणाली आबा, ही मावा खाते, हिला मारू नका. डिफा म्हणतात तिला. एक पतंगच आहे, पण पिल्लू मांसाहारी. मग काय, ज्याच्या रानात डिफा जास्त त्याच्याकडनं पानाचे तुकडे कापून आणायचे आणि आपल्या उसाला टाचायचे. गावात कधी न बोलणारे भाऊबंद त्या साली एकमेकांकडं पानं मागायला गेले. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा एक किडा होता, तोही मावा फस्त करायचा. त्या मित्रकिड्यांनी जे केलं ते आमच्या पंपानं झालं नव्हतं. वडील पुढे कुणी विचारलं की अंगठा दाखवून म्हणायचे, "ह्यानंच पाप केलंय."

आता खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावतो. पोस्टकार्डासारखं कार्ड, त्यावर वीसेक हजार अंडी चिकटवलेली. पट्ट्या कापून पानाच्या मागं टाचायच्या. त्यातनं जी माशी निघते ती एक मिलिमीटरसुद्धा नाही, डोळ्याला दिसत नाही म्हटलं तरी चालेल. ती खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तीही गांधीलच्याच लांबच्या भावकीतली.

---

सुईदोरा
१२ जुलै, संध्याकाळी ५:३०

सगळं खरं, पण एक थंड पाण्याचा शिडकावा. मी नर्स आहे. गांधीलच्या डंखाची ॲलर्जी असलेला माणूस मी पाहिलाय. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या (शब्द बघा, गांधील आणि गांधी), श्वास अडकायला लागला. वेळेत ॲड्रेनॅलिन मिळालं म्हणून वाचला. मधमाशीचा काटा अंगात अडकतो, ती एकदाच डसते. गांधील तीनदा डसू शकते, पाचदा डसू शकते.

तेव्हा घर एसीखाली कोपऱ्यात असेल तर ठीक. दारावर, पाळण्याशेजारी, शाळेच्या फाटकावर असेल तर काढायलाच हवं, आणि माहितगाराकडून, अंधार पडल्यावर. दगड मारायचा नाही, पेटवायचं तर मुळीच नाही. डंखानंतर चेहरा सुजला किंवा धाप लागली तर चुना लावत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

---

कढीपत्ता
१२ जुलै, संध्याकाळी ६:०२

@सुईदोरा, मान्य. स्टुलावर चढणं बंद केलंय, आता खिडकीच्या काचेतून बघते. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "मी म्हणतच होते," म्हणाल्या.

---

जुनी पेठ
१२ जुलै, रात्री ९:५०

धागा वाचून आमचा वाडा आठवला. देवघरातल्या तसबिरीमागे दरवर्षी कुंभारीण माशी मातीची घरं करायची. ओल्या मातीचा गोळा आणताना तिची ती गुणगुण! आई ती घरं उलथन्याने खरवडून काढायची आणि भिंतीला पोपडे पडले म्हणून माशीच्या सात पिढ्या उद्धरायची. एकदा मी एक घर फोडलं. आत दहा-बारा कोळी, सगळे लुळे, मेलेले नव्हेत. पाय हलत होते. एकाच्या पोटावर पांढरं, तांदळाच्या कणीएवढं अंडं.

आजोबांना दाखवलं तर ते खूश झाले. म्हणाले, हीच ती भृंगी. कीटकाला आणून कोंडते, कीटक भयाने तिचंच ध्यान करतो आणि शेवटी तीच होऊन बाहेर पडतो. भ्रमर-कीटक न्याय. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने, म्हणजे दत्ताने, जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत ही माशीही आहे. मी म्हणालो, पण आजोबा, ती अंडं घालते, अळी निघून कोळ्यांना खाते. आजोबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "खाल्ल्यावर तद्रूप झालाच की!" या उत्तरापुढे आजही माझं काही चालत नाही.

पण विचार करा, कोणीतरी कधीकाळी बसून इतकं पाहिलं होतं. घर बंद करणारी माशी पाहिली, आत जाणारा किडा पाहिला, बाहेर येणारी माशी पाहिली. मधलं तेवढं मातीने झाकलेलं होतं, ते आपल्या कल्पनेने भरलं. आईच्या उलथन्यापेक्षा हे बरं नाही का?

आणि दत्ताचा विषय निघालाच आहे तर उंबर. उंबर फोडून केंबरं पाहू नयेत, असं आपण म्हणतो. ती केंबरं म्हणजेही इवलीशी गांधीलच, दोन मिलिमीटरची. उंबराचं फूल कोणाला दिसत नाही, कारण ते फळातच असतं. उंबर म्हणजे आत वळलेला फुलांचा गुच्छ. टोकाला एक भोक असतं, खवल्यांनी मिटलेलं. मादी त्यातून घुसते तेव्हा तिचे पंख तुटतात, मिशा तुटतात. परत बाहेर येणं नाहीच. आत काही फुलांत अंडी घालते, अंगावरचा पराग बाकीच्यांना लावते आणि तिथेच संपते. पुढच्या पिढीतल्या नरांना पंखच नसतात. ते आतल्या आत माद्यांशी जोडी करतात, त्यांच्यासाठी बाहेरची वाट कोरतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात.

ही माशी नसेल तर उंबराला बी नाही. उंबराची माशी उंबराला, वडाची वडाला. आणि औदुंबराखाली पारायणाला बसलेल्यांच्या डोक्यावर हा सगळा प्रपंच चाललेला असतो.

---

मिरजकरीण
१२ जुलै, रात्री १०:२२

जुनी पेठ, आजोबांचं उत्तर फ्रेम करून लावायला हवं.

एक शंका: मग अंजीर शाकाहारी की नाही? आमच्या घरी चातुर्मास असतो, गंभीर प्रश्न आहे.

---

सूक्ष्मदर्शी
१२ जुलै, रात्री १०:४०

निर्धास्त खा. पुरंदरचं, म्हणजे सासवड-दिवे भागातलं अंजीर परागीभवनाशिवायच पिकतं, त्याला माशी लागत नाही. तुर्कस्तानातल्या स्मर्ना जातीला लागते. सुक्या अंजिरांत ही स्मर्ना अंजिरं असू शकतात, पण त्यातही माशीचं फारसं काही उरत नाही, फळातला रस ते विरघळवून टाकतो.

---

त्रिशंकू
१३ जुलै, सकाळी ७:५५

"फारसं काही उरत नाही." चातुर्मास संपला म्हणायचा.

पण माझा प्रश्न कोणीच घेतला नाही. झुरळ. उपयोग सांगा.

---

पागोळी
१३ जुलै, सकाळी ११:१५

झुरळाचं दुसरं कोणी सांगेल, मी माशीचं सांगते. साधी, घाणीवर बसणारी माशी.

आमची देवगडला कलमं आहेत. मोहोर फुलला की त्यावर मधमाश्या असतात, पण त्यांच्याहून जास्त माश्या: घरमाशी, निळी-हिरवी चकचकीत माशी, बारीक फुलमाश्या. आंब्याचं फूल उघडं, बारकं, त्यातला रस वरच्यावर. लांब सोंडेची गरज नाही, त्यामुळे माशीला सोपं. हापूसचं परागीभवन मोठ्या प्रमाणात तीच करते. म्हणून मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळा असं दापोलीचं कृषी विद्यापीठही सांगतं. तुडतुडा या मोहोरावरच्या किडीच्या भीतीने माणसं तरी औषध मारतात, आणि मग मोहोर आला पण फळ धरलं नाही म्हणून हवामानाला शिव्या.

हां, फळमाशी वेगळी. ती कच्च्या-पिक्या आंब्यात अंडी घालते, आंबा आतून सडतो. तिच्यासाठी रक्षक सापळे लावतोच आम्ही, तिथे अजिबात भूतदया नाही. दोघींनाही आपण "माशी"च म्हणतो, ही भानगड आहे सगळी.

दुसरं म्हणजे वाळवी. आमच्या जुन्या घराचं तुळशीकडचं अख्खं दार वाळवीने खाल्लं, त्यामुळे मला तिचा पुळका नाही. पण पावसाच्या सुरुवातीला वारुळावर जी अळंबी उगवते आणि जिच्यासाठी मुंबईकर वाटेल तो भाव देतात, ती वाळवीचीच शेती. पाला-लाकूड चावून ती वारुळात बुरशीचे मळे लावते आणि त्यावर जगते. पाऊस पडला की त्याच बुरशीला वर छत्र्या फुटतात. विदर्भात यांनाच सात्या म्हणतात ना? या अळंबीची लागवड माणसाला अजून नीट जमलेली नाही, वाळवीलाच जमते.

---

ओला कचरा
१३ जुलै, दुपारी ३:३०

पागोळी +१. आयडीला जागून लिहितो.

घरी कंपोस्टची बादली ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात तो दिवस येतो. झाकण उघडलं की आत शेकडो जाड, करड्या अळ्या वळवळतायत. बायकोने बादलीसकट मला बाहेर काढण्याची धमकी दिली होती. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ओला कचरा त्या इतक्या झपाट्याने संपवतात की आमची बादली आठवडाभर भरलीच नाही. त्या असल्या की घरमाशीच्या अळ्यांना जागा मिळत नाही. मोठी माशी काळी, लांबट, गांधीलसारखी दिसते, पण डंख नाही. ती जेवतही नाही, त्यामुळे तुमच्या जेवणावर बसत नाही. थोडे दिवस जगते, अंडी घालते, संपली.

फक्त पूर्ण वाढल्या की अळ्या काळपट होतात आणि कोरडी जागा शोधत बाहेर निघतात. आमच्याकडे एक सोफ्याखाली सापडली, त्यावर मी बोलू इच्छित नाही. बादलीत वाळका पाला किंवा कोकोपीट घाला, झाकणाला जाळी लावा.

---

सूक्ष्मदर्शी
१३ जुलै, संध्याकाळी ७:१०

@त्रिशंकू, झुरळ घ्या. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती. माणसाच्या घरात राहणाऱ्या त्यातल्या तीसेक. बाकीची सगळी रानात, पाचोळ्याखाली, कुजलेल्या लाकडात. पाचोळा बारीक करून मातीत मिसळायचं काम करतात, त्यांना खाऊन पक्षी-सरडे जगतात. त्यांनी तुमचं ओट्याचं फडकं कधी पाहिलंही नाही. तुमच्या सिंकखालची ती तीसमधली आहेत. त्यांना मारा. त्यांच्या वकिलीला मी उभा राहणार नाही.

डासाचं वकीलपत्र तर कोणीच घेऊ नये. पण त्याच्या जवळच्या नात्यातली चिलटं कोकोच्या फुलाचं परागीभवन करतात. चॉकलेट खाताना आठवा.

---

त्रिशंकू
१३ जुलै, रात्री ८:०५

चला, हे प्रामाणिक आहे. पण मग मूळ मुद्द्यावर या. तुम्ही सगळे "उपयोग" सांगताय. अळी खाते म्हणून चांगली, कचरा खाते म्हणून चांगली. ज्याचा बायोडेटा नाही त्याने मरायचं का? आणि कढीपत्ता बाईंच्या मॉर्मन अळीचा काय गुन्हा? तीही बिचारी कढीपत्ताच खात होती.

---

बांधावरचा
१३ जुलै, रात्री ९:३०

त्रिशंकूभाऊ, बायोडेटा शहरात मागतात. रानात आम्ही एवढंच शिकलो की मारायच्या आधी दोन दिवस बघायचं. माव्याच्या साली दोन दिवस थांबलो असतो तर त्या दोन-तीनशे वाचल्या असत्या.

---

कढीपत्ता
१३ जुलै, रात्री १०:१५

@त्रिशंकू, हा प्रश्न मलाही पडलाय. खरं सांगायचं तर उत्तर नाही. सध्या मी सकाळी उठून अळ्या मोजते. सात होत्या, तीन उरल्यात. त्या तिघींवर जुनी मच्छरदाणी टाकली. मग वाटलं, ही चीटिंग झाली. मग काढली. मग परत टाकली. नवरा म्हणतो, तू दोन्ही पक्षांकडून पगार घेतेस.

---

कढीपत्ता
२४ ऑगस्ट, दुपारी ४:४५

धागा वर आणतेय, कारण बातमी आहे.

परवा दुपारी एसीखाली गडबड दिसली. एक भलीमोठी, काळी, पोटावर केशरी पट्टा असलेली गांधील आली. आमच्या त्या राखाडी मंडळींच्या दुप्पट तरी असेल. आमच्या सगळ्या घरट्यावरून उठल्या आणि बाजूच्या भिंतीवर जाऊन बसल्या. लढल्या नाहीत. ती मोठी एकेक भोक उघडून पिल्लं काढत होती, चावून गोळी करत होती आणि नेत होती. अगदी तशीच, जशी यांनी माझी अळी नेली होती. दिवसभर खेपा. संध्याकाळपर्यंत घर रिकामं. भोकांच्या कडा फाटलेल्या.

---

सूक्ष्मदर्शी
२४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२०

वेस्पा ट्रॉपिका. रोपॅलिडियाची जुनी वैरीण. ती आली की या बहुतेक पिल्लं सोडून देतात आणि स्वतः वाचतात. जुन्या घरात सहसा परत येत नाहीत, पण लांबही जात नाहीत. आसपास बघा.

---

कढीपत्ता
२६ ऑगस्ट, सकाळी ९:०५

सापडल्या. पाचजणी आहेत, कपडे वाळत घालायच्या दांडीच्या हुकाखाली. काल नुसता काळा देठ होता, आज त्याला तीन भोकं लागलीत.

मी घाबरत घाबरत सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, मग नवऱ्याला हाक मारून दुसरी दांडी हॉलमध्ये बांधायला लावली. कपडे आता पंख्याखाली असतात. या पावसात ते गॅलरीतही वाळत नव्हतेच.